टीव्ही डोळे मिचकावतो तेव्हा...

घरातला टीव्ही बिघडला की आपण लगेच नवा शोधायला लागतो. पण घरात रिटायर्ड मेंटेनन्सवाले पप्पा असतील, तर प्रकरण एवढ्यावर मिटत नाही. आधी रजिस्टर निघतं!

रात्रीचे आठ वाजलेले. मालिकेतली सासू दाराआडून काहीतरी भयंकर ऐकणार, एवढ्यात पडदा चमकला. एकदा, दोनदा, मग टकाटक पाच-सहा वेळा. आवाज व्यवस्थित चालू, चित्राचा मात्र पार डिस्को झालेला.

"अगं ये, बघ, परत डोळे मिचकावतोय हा!" आईची हाक आली.

मी आतल्या खोलीत लॅपटॉपसमोर. सकाळपर्यंत द्यायचा लेख अर्धा बाकी. तिथूनच ओरडले, "बंद करून चालू कर!" आपल्या पिढीचं हे एकमेव टेक्निकल ज्ञान. फोन हँग झाला, बंद करून चालू. वायफाय गेलं, बंद करून चालू. आईने तेच केलं. टीव्ही दहा मिनिटं शहाण्यासारखा वागला आणि सासूचं कारस्थान उघडकीला येणार त्याच क्षणी पुन्हा सुरू.

मग मी आपल्या पिढीचा दुसरा उपाय केला. मोबाइलवर त्या चमकणाऱ्या पडद्याचा व्हिडिओ काढून फॅमिली ग्रुपवर टाकला. व्हिडिओत तर पडद्यावर आडवे काळे पट्टे सरकताना दिसत होते. मी हादरलेच. पाच मिनिटांत सल्ल्यांचा पाऊस. मावशी म्हणाली, केबलवाल्याला बोलाव. मामा म्हणाला, डिश हलली असेल. (आमच्याकडे डिशच नाही.) चाकणला एका ऑटो कंपनीत कामाला असलेल्या दादाने तर थेट ३२ इंची टीव्हीची लिंकच पाठवली. खाली लिहिलं, "ईएमआय मी भरतो. विषय संपला."

विषय संपला नाही. कारण सोफ्याच्या कोपऱ्यात पप्पा बसले होते. त्यांनी पेपरची घडी घातली आणि शांतपणे म्हणाले, "फॉल्ट सापडल्याशिवाय पार्ट बदलायचा नाही."

कंपनी सुटली, मेंटेनन्स सुटला नाही

पप्पा भोसरी एमआयडीसीतल्या एका इंजिनीअरिंग कंपनीत मेंटेनन्सला इलेक्ट्रिशियन होते. १९८६ ते २०२१, पस्तीस वर्षं. तीन शिफ्ट, कॅन्टीनचा चहा आणि रात्री-बेरात्री येणारे ब्रेकडाउन कॉल. घरातली एकही वस्तू त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय भंगारात गेली नाही. माझ्या लहानपणी इस्त्री, मिक्सर, पंखा काहीही बंद पडलं, की रविवारी नाही, गुरुवारी त्याचं ऑपरेशन व्हायचं.

गुरुवार का, हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगते. पिंपरी-चिंचवड-भोसरीच्या एमआयडीसीची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. सगळ्या कारखान्यांनी एकाच दिवशी सुट्टी घेतली तर विजेचा भार त्या दिवशी एकदम उतरतो आणि बाकी दिवशी चढतो, म्हणून भागाभागात सुट्टीचे वार वाटून दिलेले. आमच्या वाट्याला गुरुवार आला. जगाचा रविवार आमच्याकडे वर्किंग डे!

पप्पांच्या पहिल्या टीव्हीची गोष्ट याच गुरुवारात अडकलेली आहे. १९८९ साल. लग्नाआधी ते भोसरीत तीन मित्रांबरोबर एका खोलीत राहायचे. चौघांनी वर्गणी काढून ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही घेतला, खास 'महाभारत' बघायला. आणि 'महाभारत' लागायचं रविवारी सकाळी! फर्स्ट शिफ्टवाला त्या वेळी कंपनीत. म्हणजे ज्याची सेकंड शिफ्ट त्यालाच कृष्ण दिसणार. बाकीच्यांना रात्री जेवताना तोंडी वृत्तांत.

तो टीव्हीही नीट चालायचा नाही. गच्चीवर अँटेना, आणि तिचं तोंड सिंहगडाकडे, कारण टीव्हीचा टॉवर गडावर. मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ ला दूरदर्शन सुरू झालं आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात पोचलं. वारा सुटला की अँटेना फिरायची. मग एक जण गच्चीवर, एक जिन्यात, एक टीव्हीसमोर. "आलं का?" "मुंग्या आहेत!" "आता?" "थांब, थांब... गेलं!" चित्र खालून वर पळायला लागलं की मागचं होल्डचं बटण अलगद फिरवायचं. पप्पा म्हणतात, "ते बटण केसाएवढं फिरवावं लागायचं. माझा हात बसला होता."

तर हे पप्पा त्या रात्री उठले, कपाटातून टेस्टर काढला आणि टीव्हीच्या प्लगपाशी गेले. मी मागे उभी. टेस्टरचं टोक सॉकेटच्या भोकाच्या आजूबाजूला फिरत राहिलं. आत काही जाईना. दोनदा, तीनदा. मग ते मागे सरकले आणि टेस्टर माझ्या हातात दिला.

"तू बघ. मी चष्मा नाही लावलाय."

चष्मा त्यांच्या नाकावर होता.

मी काही बोलले नाही. खरं तर मला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. गेली दोन वर्षं त्यांचा उजवा हात थरथरतो. चहा ते अर्धा कपच घेतात आणि कप दोन्ही हातांनी धरतात. मागच्या दिवाळीत बँकेने त्यांचा फॉर्म परत पाठवला, सही जुळत नाही म्हणून. विषय काढला की उत्तर ठरलेलं. "वय झालं. मशीनचं पण बेअरिंग वाजतंच." आणि पेपर वर.

एका वेळी एकच गोष्ट

दुसऱ्या दिवशी आईच्या आग्रहाखातर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा माणूस आला. दुपारचे तीन. टीव्ही लावला, चार मिनिटं बघितलं. टीव्ही अगदी गुणी बाळ. माझा व्हिडिओ दाखवला तर म्हणाला, "हे पट्टे दिसतायत ना मॅडम, पॅनेल गेलं. पॅनेलच्या खर्चात नवीन टीव्ही येतो." व्हिजिटिंग चार्ज घेऊन गेलासुद्धा.

"त्याने फॉल्ट बघितलाच कुठे?" पप्पा म्हणाले. "आणि ते पट्टे टीव्हीत नाहीत, तुझ्या मोबाइलच्या कॅमेऱ्यात आहेत." एलईडी टीव्हीच्या पडद्यामागचे दिवे सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद होत असू शकतात, उजेड कमी-जास्त करायची ती एक पद्धत. डोळ्याला ते सलग दिसतं. कॅमेऱ्याच्या शटरचा ताल आणि त्या दिव्यांचा ताल जुळला नाही की पट्टे दिसतात. धडधाकट टीव्हीवरही! थोडक्यात, मी ज्याला आजार समजून ग्रुपवर टाकलं होतं तो आजारच नव्हता.

मग पप्पांनी जुनी डायरी काढून माझ्यासमोर ठेवली. रकाने आखायला लावले. तारीख, वेळ, काय झालं, त्या वेळी घरात आणखी काय चालू होतं. वर नाव : ब्रेकडाउन रजिस्टर. मी हसले. ते हसले नाहीत.

"रोज लिहायचं. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. चार गोष्टी एकदम बदलल्यास आणि बरं झालं, तर कशाने झालं ते कळणार नाही. पुढच्या वेळी परत अंधारात."

पहिला संशयित सेट-टॉप बॉक्स. पप्पांची परीक्षा सोपी निघाली. पडदा चमकायला लागला की टीव्हीच्या स्वतःच्या रिमोटवर मेनूचं बटण दाबायचं. मेनू टीव्ही स्वतः बनवतो, तो बॉक्समधून येत नाही. मागचं चित्र चमकतंय आणि मेनू स्थिर असेल तर दोष बॉक्सचा किंवा एचडीएमआय केबलचा. मेनूही चमकला तर दोष टीव्हीच्या पोटात, नाहीतर सप्लायमध्ये. त्या रात्री ८ वाजून १० मिनिटांनी मेनूही चमकला. बॉक्स आणि केबल सुटले! केबलवाल्याला घातलेल्या शिव्या मनातल्या मनात परत घेतल्या.

दुसरा संशयित घरचा सप्लाय. इथे मी जरा उत्साहात होते. आमच्या सोसायटीच्या मागे दोन-तीन छोटे वर्कशॉप आहेत. वेल्डिंग सुरू झालं की आमच्या हॉलमधला दिवा हलकेच डुलतो, हे मी लहानपणापासून बघतेय. वेल्डिंग मशीन एकदम जास्त करंट ओढतं, त्या क्षणी लाइनचं व्होल्टेज थोडं खाली येतं आणि दिवे मिचमिचतात. मोठ्या कारखान्यांत, विजेच्या भट्ट्या असतात तिथे, हा त्रास एवढा असतो की तो मोजायला वेगळं मीटर असतं. आणि इंजिनीअर त्याला 'फ्लिकर'च म्हणतात!

आठवडा झाला. रजिस्टर उघडलं आणि मी खुर्चीतून उडालेच. सोमवारी ८ वाजून ५. मंगळवारी ८ वाजून १०. बुधवारी ७ वाजून ५५. शुक्रवारी, शनिवारी, रविवारी तेच. आणि गुरुवार? गुरुवारी काही नाही! पूर्ण कोरा.

गुरुवारी एमआयडीसी बंद. वेल्डिंग बंद. टीव्ही ठणठणीत.

माझ्यातली पत्रकार उड्या मारायला लागली. १९६२ मध्ये एमआयडीसी आली तेव्हापासून या शहरात घर आणि कारखाना एकाच तारेवर नांदतायत. २००६ मध्ये राज्यभर लोडशेडिंगचा कहर असताना इथल्या कारखान्यांनी स्वतःचे जनरेटर चालवून वीज वाचवली आणि पुण्या-पिंपरीची घरं उजळती ठेवली, ते 'पुणे मॉडेल' देशभर गाजलं. आणि आज त्याच कारखान्यांमुळे आमच्या टीव्हीला झटके येतायत! मथळासुद्धा तयार होता : 'कारखाना बंद, टीव्ही ठणठणीत'. मी एका संपादकांना फोन करून विषय सांगूनही टाकला.

रात्री जेवताना मोठ्या अभिमानाने पप्पांना रजिस्टर दाखवलं. त्यांनी रकान्यांवरून बोट फिरवलं. बोट थरथरत होतं, नजर नाही.

"टीव्हीच्या मागचं लेबल वाच."

वाचलं. १०० ते २४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ.

"म्हणजे शंभर व्होल्टपर्यंत खाली गेलं तरी हा चालायला हवा. आपल्या जुन्या टीव्हीचं चित्र कमी व्होल्टेजला आक्रसायचं, म्हणून स्टॅबिलायझर लागायचा. ह्याला वेल्डिंगच्या झटक्याने काय होणार? दिवा डुलतो तेव्हा टीव्ही चमकतो का? तसं लिहिलंयस कुठे?"

नव्हतं लिहिलं. दिवा वेगळ्या वेळी डुलत होता, टीव्ही वेगळ्या वेळी चमकत होता. दोन्ही मी एकाच दोरीत ओवले होते.

"मग गुरुवार?" मी हट्टाने विचारलं.

"गुरुवारी टीव्ही लावला किती वाजता?"

हा रकानाच आम्ही आखला नव्हता. उत्तर आईने भाजी वाढता वाढता दिलं. "गुरुवारी मी स्वामींच्या केंद्रात जाते ना सात ते नऊ. आल्यावर अर्धा तास लावला असेल, बस्स."

बाकी दिवशी टीव्ही सातला सुरू व्हायचा आणि आठच्या आसपास चमकायला लागायचा. गुरुवारी मुळात तासभर चालायचाच नाही. एमआयडीसीच्या सुट्टीचा काही संबंध नव्हता. संबंध स्वामींच्या आरतीचा होता!

संपादकांना दुसरा फोन करावा लागला. तो अनुभव इथे सविस्तर सांगत नाही.

टॉर्च आणि पापड

शहानिशा करायची म्हणून आम्ही एका सकाळी दहाला टीव्ही लावून ठेवला. मागचे वर्कशॉप धडाधड चालू होते, दिवा दोनदा डुलला, टीव्हीला काही झालं नाही. १० वाजून ५० मिनिटांनी तो चमकला. म्हणजे दोष घड्याळाच्या वेळेचा नाही, तापण्याचा. पप्पांचा चेहरा किती दिवसांनी असा उजळलेला बघितला! सकाळच्या चहालाही 'नको' म्हणाले, त्यांचं लक्ष पडद्यावर.

सव्वाअकराला पडदा पूर्ण काळा झाला, आवाज मात्र चालू. "टॉर्च आण. खोली अंधार कर." मी पडदे ओढले, मोबाइलचा टॉर्च पडद्याच्या अगदी जवळ तिरका धरला. आणि त्या काळ्या पडद्यात, अगदी पुसट, बातम्या देणारी बाई बोलताना दिसली! अंगावर काटाच आला. चित्र होतं. फक्त त्याच्या मागचा उजेड गेला होता.

पप्पांनी समजावलं ते असं. एलईडी टीव्हीचा पडदा स्वतः उजेड देत नाही. तो रंगीत खिडकी आहे. उजेड त्याच्या मागे बसवलेल्या दिव्यांच्या पट्ट्यांमधून येतो. हे दिवे बहुतेक वेळा एकामागे एक अशा माळेत जोडलेले असतात, जुन्या दिवाळीच्या माळेसारखे. एका दिव्याचा टाका सैल झाला की थंड असताना तो टेकलेला असतो, तापला की सुटतो, आणि अख्खी माळ विझते. आतलं सर्किट पुन्हा पुन्हा पेटवायचा प्रयत्न करतं. तेच ते डोळे मिचकावणं.

"म्हणजे उघडून टाका मारू या?" मी स्क्रू-ड्रायव्हर शोधायला लागले.

"खबरदार!" पप्पांचा आवाज एकदम कंपनीतला झाला. "प्लग काढला तरी आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट काही वेळ राहू शकतात. फॉल्ट शोधणं आपलं काम. झाकण उघडणं ज्याचं त्याचं." जरा थांबून, हळू आवाजात म्हणाले, "पूर्वी मी केलं असतं."

मग आम्ही टीव्ही चादरीत गुंडाळून रिक्षाने भोसरीतल्याच एका जुन्या रिपेअरिंगच्या दुकानात नेला. अशी दुकानं अजून आहेत, फक्त आपलं लक्ष जात नाही. मोबाइल कव्हरच्या झगमगीत दुकानाशेजारी एक अंधारा गाळा, आत सोल्डरचा वास, आणि भिंतीला टेकवलेले मरून पडलेले टीव्ही. रजिस्टर बघून दुकानवाले काका खूष. "पेशंटचे एवढे पेपर कोणी आणत नाही हो!"

पप्पांचं निदान बरोबर निघालं. पट्ट्या बदलायच्या तर आधी समोरची काच सोडवावी लागते, आणि ती काच म्हणजे उडदाचा पापड. जरा वाकली की संपलं. काकांनी ती दोन्ही हातांनी उचलली आणि फोमवर ठेवली. एकदाही हात हलला नाही. आत तीन पट्ट्या. टेस्टर लावल्यावर मधल्या पट्टीतला एक दिवा तापता तापता लुकलुकायला लागला. एक गेला तरी काका तिन्ही बदलणार होते, कारण बाकीचेही त्याच वयाचे आणि नव्या-जुन्या उजेडात फरक दिसतो. पट्ट्या मॉडेल नंबरवर बुधवार पेठेतून आणाव्या लागल्या. दोन दिवस, सोळाशे रुपये.

"बॅकलाइट शंभरवर ठेवलेला होता तुम्ही," काका म्हणाले. "घेतल्यापासून तसाच ना? शोरूममध्ये झगमगाट दिसावा म्हणून असतं ते सेटिंग. घरात पन्नास-साठ पुरे. दिवे तापतात कमी, टिकतात जास्त." आठ वर्षं आमचा टीव्ही शोरूमच्या जोशात राबत होता आणि आमच्यापैकी कोणी एकदाही सेटिंग उघडून बघितलं नव्हतं.

रजिस्टरचं पुढचं पान

रिक्षात पप्पा गप्प होते. टीव्ही आमच्या मांडीवर, मध्ये चादर. लांडेवाडीच्या सिग्नलला म्हणाले, "काय हात आहे त्या माणसाचा."

मला जे बोलायचं होतं ते मी दोन वर्षं वेगवेगळ्या प्रकारे बोलले होते. रागावून, समजावून, आईला पुढे करून. दादाने तर फोनवरून तपासण्यांचं पॅकेजच बुक करून टाकलं होतं, त्यांनी रद्द करायला लावलं. या वेळी काही बोलले नाही. घरी आल्यावर रजिस्टरचं नवीन पान उघडलं आणि रकाने आखले. तारीख, वेळ, काय करताना, किती वेळ. वर लिहिलं : उजवा हात. खाली एक ओळ. 'फॉल्ट सापडल्याशिवाय "वय झालं" म्हणायचं नाही.' आणि रजिस्टर टीव्हीशेजारी ठेवून झोपायला गेले. झोप लागली नाही, हे वेगळं.

सकाळी पान कोरं होतं. दुसऱ्या दिवशीही कोरं. मला वाटलं, दुखावले. तिसऱ्या दिवशी चहा घेऊन हॉलमध्ये आले तर पानावर चार ओळी होत्या. वाकडी, तुटक अक्षरं, काही शब्द तर कळतही नव्हते. 'चहाचा कप उचलताना. पेन धरताना. शर्टाचं बटण. मांडीवर हात ठेवला की काही नाही.' शेवटच्या ओळीखाली दोनदा रेघ मारली होती.

चिंचवडच्या न्यूरॉलॉजिस्टकडे आम्ही ते रजिस्टरच घेऊन गेलो. डॉक्टरांनी विचारलेले प्रश्न ऐकून मला हसूच येत होतं. कधीपासून? बसल्यावर हलतो की उचलताना? एक हात की दोन्ही? चहा-कॉफी किती? कुठल्या गोळ्या चालू? घरात आणखी कोणाला? एकेक संशयित उभा करून सोडत होते. मग कागदावर गोगलगाईच्या शंखासारखं वेटोळं काढायला लावलं, हात पुढे ताणून धरायला लावले, थायरॉइडची रक्ततपासणी सांगितली. रिपोर्ट बघून पुढच्या भेटीत म्हणाले, "हा पार्किन्सन्स वाटत नाही. त्यात हात बहुतेक वेळा स्वस्थ असताना हलतो. तुमचा काम करताना हलतो. याला इसेन्शियल ट्रेमर म्हणतात. पुष्कळांना असतो. पूर्ण जाईलच असं नाही, पण गोळीने कमी होऊ शकतो. लहान डोसने सुरू करू."

पप्पांनी एकदम श्वास सोडला. एवढा मोठा, की डॉक्टरांनीही वर बघितलं.

बाहेर आल्यावर, पार्किंगमध्ये, त्यांनी सांगितलं. त्यांच्या डिपार्टमेंटमधल्या एका मित्राला पार्किन्सन्स झाला होता. त्याची शेवटची वर्षं त्यांनी जवळून बघितली होती. दोन वर्षं पप्पा हेच धरून बसले होते, की आपलंही तेच. म्हणून डॉक्टर नको, म्हणून तो चष्म्याचा बहाणा. पस्तीस वर्षं प्रत्येक मशीनचा फॉल्ट शोधलेला माणूस स्वतःच्या बाबतीत न बघताच "पॅनेल गेलं" म्हणून मोकळा झाला होता. आणि आम्ही? आम्ही त्यांना लिंक पाठवत होतो.

गोळी सुरू होऊन तीन महिने झालेत. थरथर गेलेली नाही, कमी झालीय. चहा आता पाऊण कप असतो. मागच्या आठवड्यात बँकेत नवीन सही दिली. जुन्या सहीसारखी नाही, पण दोन वेळा केली तर दोन्ही सारख्या आल्या.

टीव्ही मस्त चाललाय. बॅकलाइट पंचावन्नवर. आई रोज कुरकुरते, की सासूच्या साडीचा रंग पहिल्यासारखा दिसत नाही. दादाने पाठवलेली लिंक अजून ग्रुपवर पडून आहे, ऑफर संपली.

आणि रजिस्टर टीव्हीशेजारीच आहे. काल त्यात नवीन नोंद दिसली, पप्पांच्याच अक्षरात. 'मिक्सर. आवाज बदलला. चटणी करताना. किती वाजता सुरू केला ते विचारणे.'